चांदणी आणि ठिपका

३ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या आणि एक उशी. उशी ताईने जबरदस्तीने दिली. परक्या उशीवर मला झोप लागत नाही हे तिच्याशिवाय जगात कुणाला माहीत असणार? गाडीतले सगळे त्या उशीकडे बघत होते. बघेनात का.

खोली वरच्या मजल्यावर आहे, लहानशी पण भरपूर उजेडाची. खिडकीपाशी टेबल आणि टेबलाला समोरासमोर दोन खुर्च्या. एक काढून नेऊ का, असं घरमालकीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, एकीवर बसेन आणि दुसरीवर पाय टाकेन. आत्ता तशीच बसले आहे, राणीसारखी.

बाई सत्तरीच्या, एकट्या आणि बोलक्या. महिनाअखेर त्या कायमच्या मुलाकडे जाणार आहेत, तोवर मला दुसरी खोली शोधायची आहे. शोधू, महिना काय लहान असतो? त्यांनी चहा आणला तो तीन कप. तिसरा कुणाचा म्हणून विचारलं तर त्या स्वतःच चमकल्या आणि हसल्या. म्हणाल्या, हाताला सवय, दुसरं काय.

रोजनिशी लिहायला ताईनेच सांगितलं. तुला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि तिथे तुझं ऐकायला कोण बसलंय, कागदाशी बोल, म्हणाली. दर रविवारी सकाळी दहाला ती फोन करणार आहे. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदाच तिच्या घराबाहेर राहते आहे. भाच्याचं लग्न झालं, घरात खोल्या कमी पडायला लागल्या. कुणी काही बोललं नाही, तेच मला जास्त ऐकू आलं. पण ते असो. आज मजेत आहे.

५ मार्च, बुधवार

नोंदणी कार्यालय म्हणजे तीन खोल्या आणि एक लांब बाक. गावात राहणाऱ्या प्रत्येक माणसाची इथे एक फाइल असते, जुन्या यंत्रावर. यंत्राला माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. जे हवं ते टाइप करून सांगायचं. मी वीस वर्षं असल्याच यंत्रावर काढली, त्यामुळे माहेरी आल्यासारखं वाटलं.

फाइलीचं नाव म्हणजे नुसते आकडे. आधी वॉर्ड, मग घर, मग माणूस. माझीही झाली आज: ०४-०३१-०३. चौथा वॉर्ड, एकतिसावं घर, तिसरं माणूस. मालकीणबाई ०१. मग ०२ कोण, विचारलं तर खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, यंत्राने आपणच पुढचा आकडा दिला, त्याच्या मनाचं कुणाला कळलंय! खिडकीवाल्या बाई म्हणजे बाहेरच्या खिडकीत बसून नवीन माणसं आणि पत्ताबदल नोंदवणाऱ्या. निळी शाल, हसताना तोंडावर हात, आणि मला 'नव्या बाई' म्हणतात. आवडल्या मला.

माझं काम काढण्याचं. मेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या माणसांच्या फाइली काढून टाकायच्या. महिनाअखेर नवं यंत्र येणार, त्यावर अडगळ न्यायची नाही, असं साहेबांचं म्हणणं.

म्हातारे दप्तरी गठ्ठे सांभाळतात. त्यांनी इथली रीत समजावली, मला येत असूनही मी मुकाट्याने ऐकली. चांदणी दिली की तिच्या जागी काहीही चालतं. ०७-११४-* म्हटलं की सातव्या वॉर्डातल्या त्या घरातली सगळी माणसं हाताला लागतात. प्रश्नचिन्ह म्हणजे मात्र एकच अक्षर, कोणतंही. आणि नावाच्या सुरुवातीला ठिपका असेल तर ती फाइल चांदणीला दिसतच नाही. यंत्राच्या स्वतःच्या फाइली तशा असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'आधी बघा, मग लगेच काढा. ठिपका लावू नका.' म्हणजे नमुना देऊन आधी यादी मागवायची, डोळ्यांनी तपासायची आणि मगच काढायचं. हे अक्षर आधीच्या ऑपरेटरचं का, असं विचारलं. साहेब म्हणाले, आधी कुणी नव्हतंच. मग खुर्चीवरची उसवून पुन्हा शिवलेली गादी कुणाची, हे मी विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात जास्त प्रश्न विचारू नयेत.

९ मार्च, रविवार

दहाच्या ठोक्याला ताईचा फोन. दहा मिनिटं तिने मला रागावण्यात घालवली, कारण मी जेवण उभ्या उभ्या उरकते हे कबूल केलं. फोन ठेवल्यावर खोली इतकी गप्प झाली की मी मुद्दाम खुर्ची सरकवली.

एक गंमत. सकाळी खिडकी उघडी टाकून आंघोळीला गेले, येऊन बघते तर बंद. आणि आंघोळीआधी दोरीवरून माझा एकुलता टॉवेल काढला, तर तो आधीच ओला. वय झालं, दुसरं काय.

१२ मार्च, बुधवार

आज ०७-११४ काढलं. पाच जणांचं कुटुंब, दुसरीकडे राहायला गेलं, तसा कागद आला होता. यादी मागवली, पाच. बरोबर. तेवढ्यात चहा आला आणि दप्तरींनी गुडघेदुखीचा इतिहास काढला. अर्ध्या तासाने परत येऊन काढायची आज्ञा दिली.

पडद्यावर उमटलं: सहा काढल्या.

सहा?

यंत्र मी सकाळी काय बघितलं ते थोडंच लक्षात ठेवतं? आज्ञा दिली त्या क्षणी नमुन्यात जे जे बसलं ते सगळं त्याने उचललं. आणि इथे काढलेलं परत येत नाही, टोपली नाही, काही नाही. खिडकीवाल्या बाईंना विचारायला हवं, मधल्या वेळात कुणाची नोंद केली म्हणून. त्या परवाच सांगत होत्या, सातव्या वॉर्डात रिकामं घर मिळालंय, आता तिकडे राहायला जाते आहे. विचारायला गेले तर खिडकी बंद झाली होती. उद्या विचारेन.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी कालचं पान वाचलं आणि माझंच अक्षर मला परकं वाटलं. ही खिडकीवाली बाई कोण? मला आठवेना. पानं मागे उलटली. निळी शाल, तोंडावर हात, नव्या बाई. वाचता वाचता आठवलं. वाचलं नसतं तर?

कार्यालयात खिडकी बंद, आतून फळी ठोकलेली, फळीवर जुनी धूळ. दप्तरी म्हणाले, या खिडकीत कधी कुणी बसलंच नाही. पत्ताबदल? ते आता नव्या यंत्रावरच, तोवर शिक्का मारणार कोण? साहेबही तेच म्हणाले, आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

त्यांनी स्वतःची नोंद स्वतःच केली होती. रिकाम्या घरात, सहाव्या आकड्यावर. मी चहा पीत होते तेव्हा.

१४ मार्च, शुक्रवार

त्या पाच जणांच्या कागदावर नव्या पत्त्याचा फोन होता. लावला. असा क्रमांक अस्तित्वातच नाही. गेल्या दहा दिवसांत मी चारशेवर फाइली काढल्या आहेत. मेलेल्यांचं ठीक. गेलेले कुठे गेले?

आज एक केलं. ०७-११४-०६ या नावाने नवी फाइल उघडली आणि रोजनिशीतून तिच्याबद्दल जेवढं होतं तेवढं त्यात लिहिलं. निळी शाल. हसताना तोंडावर हात. मला नव्या बाई म्हणते. एवढंच होतं माझ्याकडे. तिच्या आईचं नाव, जन्मगाव, तिला काय आवडतं, काहीच कधी विचारलं नव्हतं मी. आपलीच बडबड केली.

१७ मार्च, सोमवार

काल ताईशी नीट बोलले नाही. बरं वाटत नाही म्हटलं. ती लगेच म्हणाली, येऊ का? नको म्हटलं. आली असती तर इथे तिची नोंद करावी लागली असती.

आज खिडकी उघडी होती.

आत कुणीतरी बसलं होतं. निळी शाल होती. तोंडावर हात होता, आणि तो हात खाली येतच नव्हता, कारण हाताच्या वर काही नव्हतं. डोळे, कपाळ, केस, मी लिहिलेच नव्हते. खांदे हसल्यासारखे हलत होते. नव्या बाई, म्हणाली. नव्या बाई. नव्या बाई. बाकावरची माणसं तिच्यापुढे कागद धरून शांतपणे उभी होती.

मी आत जाऊन यादी मागवली, एक नाव, आणि लगेच काढलं. रडत काढलं. पुन्हा खिडकीला फळी आहे. तिला दोनदा मारलं मी.

२१ मार्च, शुक्रवार

नोकरी सोडून ताईकडे जायचं ठरवलं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, खुशाल जा, मग गाव सोडल्याची तुमचीही फाइल काढू.

गेले नाही.

२५ मार्च, मंगळवार

रिकाम्या झालेल्या घरांची शेवटची यादी आली. त्यात ०४-०३१ आहे. माझं घर. मालकीणबाई शुक्रवारी जाणार, घर रिकामं, म्हणून ०४-०३१-*. त्यात त्या बसतात आणि मीही बसते.

साहेबांना म्हटलं, मी तिथे राहते. ते म्हणाले, घर तर रिकामं होतंय, तुम्ही पत्ताबदल करून घ्या. कुठे करू? खिडकीचा शिक्का लागतो आणि खिडकीवालीला मी काढलं. माझ्या फाइलीवर दुसऱ्या घराचा आकडा घालून बघितला, यंत्र घेत नाही, शिक्का मागतं. राहू द्या, शुक्रवारी पाचला मीच काढेन, तुम्ही फार वेळ लावता, असं साहेब हसत म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांना यादीत आकडे दिसतात, बस.

मग मी ठिपकेवाल्यांसकट सगळी यादी मागवली. यंत्राच्या फाइलींमध्ये एक वेगळी होती.

.०४-०३१-०२

माझंच घर. दुसरं माणूस. पुढे ठिपका. या घरातलं कुणीतरी चांदणीतून वाचलं आहे! जीव भांड्यात पडला. इतका सोपा उपाय. आकडे बदलायचे नाहीत, नुसता पुढे ठिपका द्यायचा.

चिठ्ठीवरची दुसरी ओळ मला माहीत आहे. पण ती यंत्राच्या फाइलींबद्दल असणार. असणारच.

मालकीणबाईंना विचारलं, माझ्या आधी वर कोण राहायचं? कुणीच नाही म्हणाल्या. हातात तीन कपांचा ट्रे होता.

२८ मार्च, शुक्रवार

पाचला दहा मिनिटं कमी असताना केलं. आधी मालकीणबाईंची, मग माझी. दोन ठिपके. पाचला साहेबांनी आज्ञा दिली. पडद्यावर आलं: नमुन्यात काही बसत नाही. ते म्हणाले, चला, कुणीतरी आधीच काढलेलं दिसतंय.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. दिवा मालवून ते निघाले आणि दाराला कुलूप लावलं. मी आत असताना. हाक मारली, दार वाजवलं. शेवटी मागच्या दाराची कडी काढून बाहेर आले.

घरी पायरीवर मालकीणबाईंची बॅग. मुलाने पाठवलेला गाडीवाला हाका मारत होता. त्याच्या पायाशी बॅग उचलली जात होती आणि ठेवली जात होती. उचलली, ठेवली. त्याला दिसत नव्हतं. मलाही फक्त बॅग दिसत होती. तो कंटाळून गेला.

मी काय केलं त्यांचं—

२९ मार्च, शनिवार

दुकानदाराने माझ्या आरपार मागच्या गिऱ्हाईकाकडे बघितलं. साबण उचलून आणला. कुणी ओरडलंही नाही. रस्त्यावर एक बाई मला धडकली आणि स्वतःच्याच पायाकडे बघत पुढे गेली.

खाली कपांचा आवाज येतो. बाई ट्रे मांडतात. जिन्यात जाऊन हाक मारली. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू.

ठिपकेवाल्यांना ठिपकेवालेही दिसत नाहीत.

३० मार्च, रविवार

दहा. सव्वादहा. फोन नाही.

मी लावला. तिने उचलला. हॅलो, हॅलो. ताई, मी आहे, मी, अगं मी! हॅलो, कोण आहे? मी ओरडत होते. तिला ऐकू जात नव्हतं, मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

फोन नीट न ठेवताच ती भाऊजींशी बोलली. म्हणाली, कुणी बोलतच नाही. आणि अहो, रविवारी दहा वाजले की मी या फोनपाशी का येऊन बसते हो? कुणाचा यायचा असतो?

भाऊजी म्हणाले, तुझी एक उशी पण सापडत नाही कधीपासून, विसरायला लागलीस.

मग तिने फोन ठेवला.

उशी इथे आहे, ताई. माझ्याकडे आहे.

३१ मार्च, सोमवार

कार्यालयात जाऊन आले. ठिपका पुसायला. कळा दाबल्या जातात, पडद्यावर काही उमटत नाही. नवं यंत्र आलं आहे. साहेबांनी एका चांदणीत सगळं गाव नव्या यंत्रावर उतरवलं. सगळं. चांदणीला जे दिसतं ते सगळं. ठिपकेवाले जुन्यावरच राहिले.

जुनं यंत्र चारला पुसणार. दप्तरी फडकं घेऊन तयार होते. पडद्यावरची चिठ्ठी त्यांनी काढून चुरगळली.

ठिपका लावू नका. तिने, माझ्या आधीच्या ०२ ने, स्पष्ट लिहिलं होतं. स्वतःचं करून बसल्यावर, पुढच्या माणसासाठी. आणि मी अक्षर बघत बसले.

साडेतीन. खोलीत परत. निदान इथे बसावं म्हटलं.

समोरच्या खुर्चीवर पाय टाकले आणि—

पाय काढून घेतले.

खिडकी बंद करायची ती. तो ओला टॉवेल. तिसरा कप. महिनाभर हिच्या मांडीवर पाय टाकून मी एकटेपणाची रडगाणी लिहीत होते. वही रोज पिशवीत बंद करून न्यायची. हिला लिहायला कधी पान ठेवलंच नाही.

माफ करा, म्हटलं. मोठ्याने.

पावणेचार. वही टेबलाच्या मधोमध ठेवली, पेन वर ठेवलं. लिहिलं: तुम्ही आहात का?

खाली ओळ उमटली आहे. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'आहे. रोज असते.'

अगं बाई. अगं बाई, कुणीतरी आहे.

चारला पाच मिनिटं. पेन आळीपाळीने. विचारलं, कधीपासून? लिहिलं, 'तीन वर्षं. तुमची बडबड ऐकते. ताईचा फोन आला की मीही खुर्ची ओढून बसायचे.' मी रडते आहे, हसते आहे. पेन सुटत नाही हातातून. यावेळी आधी विचारते, सगळं विचारते, आईचं नाव, जन्मगाव, काय आवडतं, सगळं लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला कुणी—

खाली कपांचा आवाज थांबला. मध्येच.

तिने लिहायला घेतलंय. पेन हलतंय. आईचं नाव लिहिलं, सुंदर नाव आहे. आता तिचं स्वतःचं लिहिते आहे, मी शेजारी उतरवून घेते, पहिलं अक्षर—